‘जीव मानत नाही’ : मधुमेह अन् न सुटणारी खाण्याची ओढ

लग्नसराईत गावजेवणाची पंगत बसली की ‘शुगर’वाला माणूस लांबूनच ओळखू येतो. वाढपी बुंदीची बादली घेऊन जवळ आला की तो पत्रावळीवर आडवा हात धरतो. "न्हाई, मला चालत न्हाई." वाढपी ऐकत नाही. यजमान मागून ओरडतो, "वाढ रे काकाला, एका मुठीनं काय होतंय!" हात जरासा बाजूला सरकतो, बुंदी पडते. दुसऱ्या फेरीला हात आडवा येत नाही. तिसऱ्या फेरीला काकाच वाढप्याकडं बघायला लागतात.

पंगत उठली की याच काकांबद्दल चावडीवर बोलणं निघतं. डॉक्टरनं गोड बंद सांगितलंय, पण यांचे जिभेचे चोचले सुटत नाहीत. घरी बायको बोलते, सून बोलते, शिकलेला नातूही बोलतो. काकांचं उत्तर एकच, "काय करू, जीव मानत न्हाई."

नांदेड असो की लातूर, कोणत्याही गावात हे उत्तर ऐकायला मिळतं अन् लोक ते हसण्यावारी नेतात. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी दडलेली असू शकतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, प्रत्येकावरचा इलाज वेगळा. ते न ओळखता नुसते टोमणे मारले तर माणूस खायचं थांबत नाही, चोरून खायला लागतो. अन् चोरून खाणाऱ्या मधुमेह्याची नजर, किडनी, पाय कसा कसा निकामी होत गेला हे घरच्यांना पार शेवटी कळतं.

श्रीमंताचा आजार आता कुणाचाच राहिला नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर होते, म्हणजे साखर वाढलेली, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ टक्के अन् खेड्यात ८.९ टक्के निघालं. यावर खेड्यातल्या माणसानं हुश्श करू नये. उंबरठ्यावरच्या लोकांचं प्रमाण शहरात अन् खेड्यात जवळपास सारखंच आहे, १५ टक्क्यांच्या आसपास. हे लोक उद्याचे रुग्ण आहेत, अन् त्यातल्या बहुतेकांना आज त्याचा पत्ताही नाही.

दुसरा गैरसमज असा की शुगर जाड्या माणसाला होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा अन् डॉ. युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एकत्र फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपला माणूस वरून काटकुळा दिसतो, पण आतून मेदानं भरलेला असू शकतो, हे त्यातून सगळ्या जगाला कळलं. डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा अन् त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यातही हेच आढळलं. तेव्हा ‘मी तर हडकुळा, मला कशाची शुगर’ म्हणणाऱ्यानं एकदा बोटातलं रक्त तपासून घ्यावं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात कमी अन् घराघरांत जास्त सापडते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. खडी फोडून सुकडी खाल्लेली, मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढलेली ही माणसं. ताटातलं टाकायचं नाही, समोर आलेलं नाकारायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं आहे. त्यांच्या लहानपणी गोड म्हणजे सणाचा एखादा दिवस. आज दुकानात रोज सण आहे. अशा माणसाला एका कागदावर ‘गोड बंद’ लिहून दिलं की काम झालं असं समजणं हा भाबडेपणा झाला.

पाट भरलाय, पण दारं उघडेना

आता त्या तीन दुखण्यांकडं वळू. पहिलं म्हणजे साखर वाढल्यामुळं लागणारी भूक.

शेतकऱ्याला हे सांगायला सोपं आहे. पाटाला पाणी भरून आलंय, पण दारं धरायला माणूसच नाही. पाणी पाटातून वाहून पुढं नाल्याला चाललंय अन् वाफ्यातलं पीक मात्र सुकतंय. आपल्या शरीरात दारं धरणाऱ्या माणसाचं काम इन्शुलिन करतं. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते, इन्शुलिन दार उघडतं अन् ती पेशींत शिरते. मधुमेहात इन्शुलिन कमी पडतं किंवा त्याला दारं दाद देत नाहीत. रक्त साखरेनं भरलेलं अन् पेशी उपाशी. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढं गेली की ती लघवीवाटे वाहून जायला लागते. म्हणून लघवी जास्त, तहान जास्त अन् भूकही जास्त. दोन भाकरी खाऊन उठलेला माणूस तासाभरात डबे धुंडाळायला लागतो. वजन मात्र उतरत असतं.

ही भूक खरी आहे, तिच्यात हावरटपणा नाही. तिचा इलाज औषधात आहे. गोळी-इन्शुलिनचं गणित डॉक्टरकडून नीट बसवून घेतलं, साखर ताब्यात आली की ही भूक आपोआप खाली येते. अशा माणसाला "कमी खा, कमी खा" म्हणत बसणं म्हणजे दार न उघडता पिकाला ‘सुकू नको’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरं दुखणं याच्या बरोबर उलट. गोळी घेतली, जेवण राहिलं, उन्हात कोळपणी केली, अन् साखर ७० च्या खाली उतरली. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, माणूस विनाकारण चिडतो अन् भूक अशी लागते की समोर दिसेल ते तोंडात घालावं. इन्शुलिन घेणाऱ्यांना अन् ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला तो फार कमी. यावर उपाय साखरच आहे, पण मापात. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर पुन्हा तेवढीच, अन् सावरल्यावर जेवू घालायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, गाडी काढून दवाखाना गाठावा. घडतं काय, तर घाबरून घरचे अर्धा पाव पेढे चारतात. साखर तीनशेवर जाते. पुढच्या खेपेला त्या माणसाला मनातून वाटतं, चक्कर आली की पेढे मिळतात. थट्टा नाही, शरीर असंच शिकत असतं. वारंवार साखर उतरत असेल तर खाणं वाढवायचं नसतं, औषधाचा डोस डॉक्टरकडून तपासून घ्यायचा असतो.

तिसरी भूक पोटाची नाही

तिसरं दुखणं सगळ्यात अवघड. साखर वाढलेली नाही, उतरलेलीही नाही, पोट भरलेलं आहे, तरी जीव मानत नाही. एक जिलेबी खाईन म्हणून कागद उघडायचा अन् पुडा संपल्यावरच थांबायचं. खाताना गोडी, खाल्ल्यावर स्वतःचीच चीड. उद्यापासून बंद अशी शपथ, अन् उद्या पुन्हा तेच.

याला व्यसन म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००९ मध्ये अ‍ॅशली गिअरहार्ट अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. दारू-तंबाखूच्या व्यसनाला जे निकष लावतात तेच त्यांनी खाण्याला लावले. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का? कमी करायचे प्रयत्न फसतात का? नुकसान दिसत असूनही सुटत नाही का? नाही मिळालं तर बेचैनी होते का? जगभर ही प्रश्नावली वापरली गेली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘अन्नाचं व्यसन’ असा स्वतंत्र आजार नाही. थोड्या वेळात बेसुमार खाणं, त्यावर ताबा न राहणं अन् नंतर पश्चात्ताप होणं, या प्रकाराला मात्र अमेरिकी मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. नाव काहीही द्या, त्रास खरा आहे अन् तो दवाखान्यात बोलून दाखवण्याजोगा आहे, एवढं आपल्याला पुरे.

यात ओढ कशाची लागते हेही पाहण्यासारखं आहे. भेंडीची किंवा मेथीची ओढ कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. ओढ लागते साखर, मैदा, तेल अन् मीठ यांच्या मिश्रणाची. असं खाल्लं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्रवतं. ‘हे बरं आहे, पुन्हा कर’ असा निरोप ते देतं. अमेरिकेत २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी वीस जणांवर एक प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद अन्न अन् दोन आठवडे घरगुती पद्धतीचं अन्न दिलं, दोन्ही वेळा ‘हवं तेवढं खा’ असं सांगून. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. माणसं बदलली नव्हती, ताट बदललं होतं. आपल्या वाडी-तांड्यावरच्या टपरीत दारावर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा बघाव्यात अन् हा प्रयोग आठवावा.

तंबाखू सोडता येते, कारण तंबाखूवाचून माणूस जगतो. खाणं कसं सोडणार? दारू सुटलेल्या माणसाला दिवसातून दोनदा एक-एक घोट घ्यायचाच अन् तेवढ्यावर थांबायचं असं सांगितलं तर? खाण्याची ओढ लागलेल्या माणसाची अवस्था रोज तशी असते. पुण्यात अनिता अन् अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसन हा आजार आहे अन् आजारी माणसाला हिणवून तो बरा होत नाही, ही गोष्ट दारूच्या बाबतीत महाराष्ट्राच्या बऱ्यापैकी गळी उतरली. गोडाच्या बाबतीत मात्र आपण अजून टोमण्यांवरच भागवतो.

कुलूप लावून काय होतं?

घरोघरी काय चालतं? साखरेचा डबा वरच्या फळीवर, गुळाची ढेप कुलपात, दिवाळीचे लाडू माहेरवाशिणीच्या पेटीत. ज्यानं आयुष्यभर घराला खाऊ घातलं त्याच्यापासून डबे लपवायचे! म्हातारा मग फटफटीवर बसून फाट्यावरच्या हॉटेलात जातो. तिथं त्याला कुणी विचारत नाही. घरी येऊन जेवतो वेगळा. तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळतो, उपाशीपोटीची साखर बरी येते, घरचे खूश. पण एचबीएवनसी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती या दोन दिवसांना फसत नाही. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. म्हणून काही जण ही तपासणीच टाळतात. पैसे वाचवायचे हे वरवरचं कारण. आपली चोरी पकडली जाईल ही खरी भीती.

बायांचं आणखी वेगळं आहे, अन् त्यावर कुणी बोलत नाही. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, पातेल्यात उरलेला भात, पोरांनी टाकलेला शिरा ‘वाया कशाला’ म्हणून चुलीपाशीच तोंडात टाकायचा. ते जेवणात धरलं जात नाही. डॉक्टरनं विचारलं तर बाई खरंच सांगते, "दीड भाकर खाते." खोटं बोलत नाही ती. उरलंसुरलं खाणं तिच्या हिशेबात जेवण नाहीच, ते घरकाम आहे. त्यात पुन्हा दिवसभराचा शीण, सोयाबीनचा भाव, कर्जाचा हप्ता, पोरीच्या लग्नाची चिंता. रात्री सगळे झोपल्यावर डब्यातले दोन शंकरपाळे खाल्ले की जिवाला जरा बरं वाटतं. मधुमेह असणाऱ्यांत उदासीचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. उदास माणूस गोडाकडं जास्त वळतो. हे चक्र तोडायला पथ्याचा कागद पुरत नाही.

लातूरचा ‘दोन वेळा जेवा’ मंत्र

या विषयात लातूरचं नाव सगळ्या महाराष्ट्रात गेलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली आहारपद्धत गावोगाव सांगितली. कडक भूक लागेल अशा दोनच वेळा ठरवा, ५५ मिनिटांत जेवण आटोपा अन् मधल्या वेळात साखर असलेलं काही तोंडात घालू नका. प्रत्येक वेळी काही खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, म्हणून वेळाच कमी करायच्या, असं त्यामागचं सूत्र. दर दोन तासांनी थोडं थोडं खा असं सांगणारे आहारतज्ज्ञही आहेत अन् त्यांचा या पद्धतीला विरोध आहे. त्या वादात शिरण्याचं हे ठिकाण नव्हे.

खेड्यातल्या माणसाला ही पद्धत का पटली, ते मात्र उघड आहे. आपले आजे-पणजे दोनदाच जेवत होते. सकाळी न्याहारी म्हणून वेगळं काही नव्हतं, शेतातली भाकर अन् संध्याकाळची भाकर. ओढीच्या दृष्टीनं या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. ‘खाऊ की नको’ हा लढा दिवसातून वीस वेळा लढावा लागत नाही. दोन वेळा सोडल्या तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. चहा, बिस्कीट, मूठभर फरसाण, सगळ्यांना एकच ‘नाही’.

पण दोन ठिकाणी सांभाळावं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं कुणाचं भाषण मोबाईलवर ऐकून परस्पर दोन वेळचं जेवण सुरू केलं अन् गोळ्या तेवढ्याच ठेवल्या, तर साखर उतरून शेतात कोसळायची पाळी येते. डॉक्टरला सांगून, डोस बदलून घेऊनच हे करावं. दुसरं, ज्याला बेसुमार खाण्याचा त्रास आहे तो आठ-दहा तास दाबून धरतो अन् मग ५५ मिनिटांत दिवसभराचा वचपा काढतो. अशा माणसाला दोन वेळा मानवतीलच असं नाही. त्यानं तीन वेळा, ठरल्या वेळी, पोटभर डाळ-भाजीसह जेवलेलं बरं. पद्धत माणसासाठी असते.

कपात किती, रात्रीत किती

चहाचा हिशेब एकदा मांडून बघा. खेड्यात माणूस घर, चावडी, बाजार, सोयरे मिळून दिवसाला आठ कप चहा सहज घेतो. कपात दोन चमचे साखर धरली तर सोळा चमचे, म्हणजे ८० ग्रॅम. महिन्याला जवळजवळ अडीच किलो, वर्षाला २९ किलो, अन् तेही एकट्याच्या पोटात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली वरून घेतलेल्या साखरेची मर्यादा धडधाकट माणसालाही दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, अन् शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास, अशी आहे. (ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे लिहिलेलं काहींना रुचणार नाही. पण कारखान्याला ऊस घालणाऱ्यानं ती सगळी साखर स्वतःच खाल्ली पाहिजे असा काही करार झालेला नाही.) गूळ चालतो ही समजूतही सोडावी. गुळात बहुतांश साखरच असते. पाहुण्याला गूळ-पाणी देण्याची आपली रीत चांगली, पण शुगरवाल्या पाहुण्याला शेंगदाणे अन् पाणी द्यावं, मान तेवढाच राहतो.

ताटही बदललं. खरिपाच्या ज्वारीची जागा लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीननं घेतली, रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ आला अन् भाकरीची जागा पोळीनं अन् भातानं खाल्ली. ज्वारी बरी, भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातही साधारण ७० ग्रॅम पिष्टच असतं, अन् त्याची पोटात साखरच होते. चार भाकरी खाऊन ‘मी तर भाकरीच खातो’ म्हणण्यात अर्थ नाही. ताटात आधी तुरीचं वरण, मटकी, पालेभाजी, काकडी भरपूर घ्यावी. भाकरी शेवटी. ओढ आवरायला याचा फार उपयोग होतो, कारण भरल्या पोटाला ओढ कमी छळते.

अन् झोप. शेतीची लाईट रात्रीची असली की शेतकरी दारं धरायला बारा वाजता निघतो. सोबत थर्मासमध्ये चहा अन् बिस्किटाचा पुडा. झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते अन् गोड-तळलेलंच हवंसं वाटतं, हे संशोधनानं दाखवलेलं आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ताक सोबत न्यावं अन् दुपारी झोप काढावी. दिवसा लाईट द्या ही मागणी आजवर साप-विंचवाच्या नावानं झाली. त्यात शुगरचंही नाव घालायला हरकत नाही.

उपासाचं तर विचारूच नका. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र. सकाळी गोळी घेतली, दुपारपर्यंत काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, वर केळी. साखर आधी उतरते, मग उसळते. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरला विचारून गोळीची वेळ बदलून घ्यावी. देव साबुदाणाच खा म्हणून सांगत नाही.

गावाला काय करता येईल?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरण्याचं काम आशाताईंकडं आहे. त्या फॉर्म घेऊन आल्या की बरेच पुरुष ‘मला काही झालं न्हाई’ म्हणून शेतात निघून जातात. सरपंचांनी अन् सदस्यांनी आधी स्वतःचा फॉर्म भरावा, उपकेंद्रात स्वतःची साखर तपासावी, बाकीचे मागे येतात. उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखलं जातं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना अन् प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फक्त साखरेचा आकडा विचारू नये. ‘खाणं हातात राहत नाही, रात्री उठून खातो’ हे तोंडानं सांगावं. हे सांगायला लाज वाटते हे कबूल. पण डॉक्टरला ते कळलं तर गोळी बदलता येते, कारण काही औषधांनी भूक अन् वजन वाढतं अन् काहींनी नाही. गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचं अन् लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभागही आहे. मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

ग्रामपंचायतीच्या बैठकीत चहा बिनसाखरेचा करावा अन् साखरेची वाटी बाजूला ठेवावी. ज्याला हवी तो घालून घेईल. आज उलट आहे, ज्याला नको त्याला सगळ्यांदेखत सांगावं लागतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना एकच सूचना द्यावी, आडवा हात आला की पुढं चालायचं. प्रसादाचंही तसंच. सचखंडचा कडाह प्रसाद असो की सत्यनारायणाचा शिरा, कणभर घेऊन कपाळाला लावला तरी तो पोचतो.

अन् सणांना घाबरायचं कारण नाही. आपली वेळ अमावास्याच बघा. शेतातल्या खोपीत त्या दिवशी जी भज्जी शिजते, तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे अन् पालेभाज्या असतात. सोबत ताकातली ज्वारीची आंबील. शुगरवाल्यानं भज्जी पोटभर खावी, आंबील वाटीभर घ्यावी, बाजरीचा उंडा एखादा. गव्हाची खीर दोन घास, सगळ्यांबरोबर बसून, उघडपणे. उघडपणे खाल्लेले दोन घास दोन घासच राहतात. गोठ्यामागं खाल्लेल्या खिरीला माप नसतं.

घरच्यांसाठी एवढंच, की डबा कुलपात ठेवू नका, डबा घरात आणूच नका. सगळ्या घरानंच साखर निम्मी केली तर म्हाताऱ्याला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही अन् पोरांचंही भलं होतं. सकाळी मापून खर्चाला लागेल तेवढीच साखर बाहेर काढावी. खाणं बिघडलं त्या दिवशी ‘झालं ना मनासारखं’ म्हणण्यापेक्षा ‘आज काय झालं होतं?’ असं विचारावं. बहुतेक वेळा त्यामागं उपाशी राहिलेली दुपार, मोडलेली झोप नाहीतर एखादं भांडण निघतं. पायाला जखम आहे का, हे मात्र रोज बघावं. शुगरवाल्याला काटा रुतलेला कळत नाही, अन् अनवाणी शेतात जाण्याची सवय काही सुटलेली नाही.

एक शेवटची गोष्ट ज्याच्या घरी इन्शुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडचा माणूस आहे त्याच्यासाठी. ज्याच्यापासून साखर लांब ठेवायची, त्याच्याच खिशात साखर असायला हवी. तीन चमच्यांची पुडी प्लॅस्टिकमध्ये बांधून सदऱ्याच्या खिशात किंवा बाईच्या कनवटीला, शेतात जाताना, बाजारला जाताना, रात्री दारं धरायला निघताना. पुडी कुठं आहे हे शेजारच्या वावरातल्या माणसालाही माहीत असावं. ओढ लागली म्हणून ती पुडी फोडली गेली, तर त्यावरून बोलू नये, दुसऱ्या दिवशी नवी बांधून द्यावी.